आमदारांच्या पेपरात कंपनीविरुद्धची मालिका: लिहावी का, आणि लिहायची तर कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूर जिल्ह्यातल्या एका आमदारांनी बंद पडत आलेलं एक स्थानिक दैनिक चालवायला घेतलं आहे. त्यांच्या मतदारसंघात एक मोठी खासगी कंपनी जमीन घेते आहे, नदीचं पाणी मागते आहे. आमदारांना पेपरातून तिच्याविरुद्ध मालिका चालवायची आहे आणि ते काम एका तरुण उपसंपादकाकडे आलं आहे. तो विचारतो: ही पत्रकारिता की भाऊंचं राजकारण? आणि कंपनीनं उद्या कोर्टात खेचलं तर माझं काय?

मी नागपुरात आधी शहर डेस्कवर आणि नंतर वृत्तसंपादक म्हणून उभी हयात काढली. मालकांचं राजकारण आणि कंपन्यांचे वकील, दोन्ही जवळून पाहिलं. त्या आधारावर सांगते.

पेपर नेत्याचा आहे एवढ्यानं मालिका खोटी ठरत नाही. आपल्या शहरात तर वर्तमानपत्र आणि राजकारण कधी फार लांब नव्हतंच. ‘हितवाद’ 1911 मध्ये निघाला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडून. पुढे तो विद्याचरण शुक्लांकडे आणि नंतर नागपूरचे तीनदा खासदार झालेले बनवारीलाल पुरोहित यांच्याकडे आला. ‘लोकमत’ 1971 मध्ये नागपुरात दैनिक झाला तो जवाहरलाल दर्डांच्या हातून, आणि दर्डा राज्यात मंत्रीही राहिले. त्याच्या कितीतरी आधी अच्युतराव कोल्हटकर इथून ‘देशसेवक’ चालवत होते आणि राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. त्यामुळे मालक राजकारणी आहे याचा संकोच बाळगू नका. विचारायचं ते वेगळंच आहे: या मोहिमेत आमदारांच्या लेखी जिंकणं म्हणजे काय, आणि गावकऱ्यांच्या लेखी जिंकणं म्हणजे काय? ही दोन उत्तरं पहिल्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. त्यांच्यात जेवढं अंतर असेल तेवढ्या जागेत पुढे मांडवली होते.

याचं आपल्याकडचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण पुण्याजवळच्या मुळशीचं आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. पुण्यातले पुढारी आणि पुण्यातली वर्तमानपत्रं त्यात उतरली, ‘केसरी’त मुळशी गाजली, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं. पण त्या जमिनींवर दोन प्रकारच्या लोकांचा हक्क होता. कागदोपत्री ज्यांचं वजन होतं असे सावकार-जमीनदार, ज्यांतले बरेच पुण्यात राहत, आणि प्रत्यक्ष जमीन कसणारे मावळे. मावळ्यांना जमीन सोडायचीच नव्हती. सावकारांना चांगला मोबदला चालणार होता. मोबदल्याची भाषा सुरू झाली तसा पुण्यातला जोर ओसरत गेला. बापट आणि त्यांचे मोजके साथी शेवटपर्यंत लढले, तुरुंगात गेले, आणि धरण झालं. त्या वेळी लिहिणाऱ्यांची कळकळ खरी नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मोहिमेचा आवाज ज्यांच्या हातात होता त्यांचं ‘जिंकणं’ आणि ज्यांचं घर बुडणार होतं त्यांचं ‘जिंकणं’ एक नव्हतं.

म्हणून तुमचं पहिलं काम बातमी लिहिण्याचं नाही, तलाठ्याकडे जाण्याचं आहे. प्रकल्पाच्या हद्दीतले गट क्रमांक मिळवा. सातबारा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या पाच-सात वर्षांचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधता येते, त्यात कोणी कोणाकडून केव्हा आणि किती रुपयांना जमीन घेतली ते दिसतं. प्रकल्पाची कुणकुण लागल्यावर, जाहीर होण्याच्या आधी, कोणी जमिनी उचलल्या ते बघा. मग आमदारांचं निवडणुकीतलं शपथपत्र काढा. नमुना 26 मध्ये स्वतःच्या आणि कुटुंबाच्या जमिनी, शेअर, कर्जं लिहावी लागतात आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते सर्वांसाठी खुलं असतं. आमदारांच्या माणसांची जमीन त्या हद्दीत निघाली तर ती मोहीम बहुधा दर वाढवण्यासाठीची आहे. प्रतिस्पर्धी कंपनीतला वाटा निघाला तर आणखी वेगळी गोष्ट. आणि काहीच निघालं नाही तर तुमच्या पायाखाली घट्ट जमीन आहे, बिनधास्त लिहा. हे सगळं मालकाच्या पाठीमागे करण्याची गरज नाही. सरळ सांगा, ‘भाऊ, कंपनी पहिल्या आठवड्यात हेच शोधणार आहे, त्याआधी आपल्याला माहीत हवं.’ समजूतदार राजकारण्याला हे पटतं. ज्याला पटत नाही त्याचं उत्तरही तुम्हाला मिळालेलंच असतं.

जमीन कोणत्या वाटेनं जाते आहे तेही आधी पक्कं करा, कारण इथेच नव्वद टक्के भाषणं चुकतात. सरकार खासगी कंपनीसाठी 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेत असेल तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास लागतो. एमआयडीसीमार्फत घेतली जात असेल तर 1961 चा वेगळा कायदा. कंपनी दलालांकरवी थेट खरेदीखत करत असेल तर यातलं काहीच नाही, तिथे फसवणूक आणि दबाव शोधावा लागतो. ‘संमती न घेता जमीन लाटली’ हे वाक्य पहिल्या वाटेवर गंभीर आरोप असतं, तिसऱ्या वाटेवर त्याला अर्थच उरत नाही. आणि कंपनीचा वकील संपूर्ण मालिकेतून नेमकं तेवढंच वाक्य उचलतो.

याच चुकीचं नागपुरातलं उदाहरण देते. 2011 ते 2019 या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांत वीजवितरण महावितरणनं फ्रँचायझीकडे, म्हणजे ठेक्यानं एका खासगी कंपनीकडे, दिलं होतं. त्या काळात बिलांवरून मोर्चे निघाले, पत्रकं निघाली, भाषणं झाली आणि त्यातलं बरंचसं ‘कंपनीनं वीज महाग केली’ या एका वाक्याभोवती फिरत होतं. विजेचा दर फ्रँचायझी ठरवत नाही. तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि तोच दर शेजारच्या भागात महावितरणही लावत होती. ग्राहकाची खरी तक्रार होती ती मीटरची, सरासरी बिलाची, तोडलेल्या जोडणीची, न लागणाऱ्या फोनची. ती तक्रार पुराव्यासकट उपलब्ध होती. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचे आणि नागपूरच्या विद्युत लोकपालांचे आदेश असतात, त्यात कोणाचं बिल किती चुकलं, कंपनीनं काय खुलासा दिला आणि तो का फेटाळला हे सगळं लिहिलेलं असतं. एकेका आदेशातून एकेक बातमी होते आणि तिच्यावर लावलेला दावा टिकणं अवघड असतं. पण आदेश वाचायला वेळ लागतो आणि घोषणा द्यायला लागत नाही. पाण्याचंही तेच. शहराचा पाणीपुरवठा 2012 पासून खासगी कंपनी चालवते, पण पाण्याचा दर महापालिका ठरवते. जो पुढारी महापालिकेत सत्तेत बसतो आणि बाहेर फक्त कंपनीवर तुटून पडतो, त्याच्या मोहिमेत करार कोणी केला हे पान नेहमी कोरं राहतं. ते पान तुम्ही भरा. कंपनीवर लिहिताना तिला परवानगी, पाणी आणि सवलत कोणत्या सहीनं मिळाली हे लिहिल्याशिवाय मालिका अर्धीच असते, मग ती सही तुमच्या मालकाच्या पक्षाच्या मंत्र्याची असली तरी.

आता अधिवेशनाचं. तुमचे मालक आमदार आहेत, त्यामुळे डिसेंबरमध्ये काय होणार ते मी आजच सांगू शकते. पेपरात बातमी येईल. ते कात्रण घेऊन आमदार विधानभवनात लक्षवेधी, म्हणजे मंत्र्यांकडून उत्तर मागणारी सूचना, लावतील किंवा औचित्याचा मुद्दा मांडतील. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा: कंपनीचा प्रश्न सभागृहात गाजला. मग त्या मथळ्याच्या आधारे पुढची बातमी. या फेऱ्यात एकही नवा कागद आलेला नसतो, तरी वाचकाला वाटतं की आरोप दोनदा सिद्ध झाला. हा फेरा तोडणं तुमच्या हातात आहे. सभागृहात मंत्र्यांनी जे लेखी उत्तर दिलं ते मिळवा, ते संपूर्ण छापा. आमदारांच्या प्रश्नापेक्षा ते उत्तर मोलाचं असतं, कारण त्यात सरकार आकडे देऊन बांधलं जातं आणि सहा महिन्यांनी ते आकडे तपासता येतात.

सभागृहाचं एक संरक्षणही तुम्हाला आहे आणि त्यामागचा इतिहास तुम्ही जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फिरोज गांधी हे ‘नॅशनल हेरल्ड’चे व्यवस्थापकीय संचालक होते, मग खासदार झाले. वर्तमानपत्रानं संसदेतलं बोलणं जसंच्या तसं छापलं तरी खटला होऊ शकतो हे त्यांना खटकत होतं. 1956 मध्ये त्यांनी खासगी विधेयक आणून त्या वृत्तांताला संरक्षण मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर कसे घेतले ते लोकसभेत काढलं. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. फिरोज गांधी स्वतःही सत्ताधारी पक्षाचे खासदार होते आणि ज्यांच्यावर बोलत होते ते सरकार त्यांच्या सासऱ्यांचं होतं. त्यांचा सगळा भर तारखा, पत्रव्यवहार आणि रकमांवर होता. आणीबाणीत तो वृत्तांताच्या संरक्षणाचा कायदा गेला, 1977 मध्ये परत आला, आणि 44 व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद 361अ म्हणून राज्यांच्या विधिमंडळांनाही लागू झाला.

तर आमदार सभागृहात जे बोलले त्याचा खरा आणि यथातथ्य वृत्तांत छापल्याबद्दल तुमच्यावर खटला चालत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. द्वेषबुद्धी सिद्ध झाली तर हे संरक्षण जातं, आणि पेपर बोलणाऱ्याच्याच मालकीचा असेल तर द्वेषबुद्धीचा आरोप करणं समोरच्याला सोपं जातं. म्हणून मंत्र्यांचं उत्तर आणि इतर सदस्यांचं म्हणणंही छापा. कामकाजातून काढून टाकलेला भाग छापलात तर विशेषाधिकारभंग होतो. आणि हे संरक्षण महापालिकेच्या आमसभेला, जिल्हा परिषदेला किंवा आमदार निवासाच्या खोलीतल्या पत्रकार परिषदेला नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर बोललेलं वाक्य सभागृहातलं नसतं. नवे वार्ताहर इथे हमखास अडकतात.

तुमच्यावर काय येऊ शकतं? बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. बचाव म्हणजे गोष्ट खरी असणं आणि ती सांगणं लोकहिताचं असणं. नुसतं खरं असून भागत नाही, आणि नुसतं लोकहिताचं असूनही भागत नाही. न्यायालयानं तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते, ही नागरिक सुरक्षा संहितेतली नवी तरतूद तुमच्या बाजूची आहे. दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात लावावा लागतो. दाव्यापेक्षा मनाई हुकमाची भीती अधिक असते, कारण त्यानं मालिकाच थांबते. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की खटला चालण्याआधी लेखावर बंदी घालणं ही अपवादातली गोष्ट असावी. हा निकाल छापून तुमच्या खणात ठेवा, वकिलाची नोटीस आली की उपयोगी पडतो.

पण सगळ्यांत आधी अंकाच्या तळाची बारीक ओळ वाचा. संपादक, मुद्रक, प्रकाशक म्हणून कोणाचं नाव आहे? समन्स त्या नावावर येतं. नेते स्वतःचं नाव तिथे सहसा देत नाहीत. पुतण्याचं, कार्यकर्त्याचं, किंवा नुकत्याच लागलेल्या हुशार पोराचं देतात. तुम्हाला ‘कार्यकारी संपादक’ करतो असं सांगितलं आणि त्या ओळीत नाव टाकायचं ठरलं, तर तो मान म्हणून स्वीकारू नका, आधी अटी ठरवा. खटल्याचा खर्च कोण करणार, तुम्ही नोकरी सोडल्यानंतरही करणार का, हे नियुक्तीपत्रात लेखी हवं. नोकरी सोडून गेल्यावर पाच-पाच वर्षं तारखांना एकट्यानं फेऱ्या मारणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा ना मालक सोबत असतो, ना मोहीम.

कंपनीची बाजू प्रत्येक भागात घ्या. तोंडी नको, ईमेलनं प्रश्न पाठवा, उत्तराला वाजवी मुदत द्या, उत्तर आलं तर त्याच बातमीत छापा, आठव्या पानावर चार ओळींचा खुलासा म्हणून नको. उत्तर आलं नाही तर कोणत्या तारखेला विचारलं ते छापा. नेत्यांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं आपणच समोरच्याला जागा देतो. प्रत्यक्षात वाचकाचा विश्वास इथूनच येतो, आणि कोर्टात सद्‌भाव दाखवायला ही ईमेलची साखळीच कामाला येते.

कंपनीची कागदपत्रं मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून वार्षिक विवरणपत्रं, संचालकांची नावं, कर्जाचे तारण बघता येतात. पर्यावरण परवानगी लागणारा प्रकल्प असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो आणि सुनावणीचं चित्रीकरण होतं. हिवाळी अधिवेशनात कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल सभागृहात मांडले जातात, ते गठ्ठे बहुतेक वार्ताहर उघडतही नाहीत. तुम्ही उघडा.

जाहिरातीबद्दल फार स्पष्ट बोलते, कारण मालिकेचा शेवट बहुधा इथे होतो. दोन-तीन भाग आले की कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन जाहिरात विभागाला येतो. आधी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी अर्धं पान, मग पूर्ण पान, मग सामाजिक उपक्रमांची बातमीसारखी दिसणारी जाहिरात. छोटं दैनिक शासकीय जाहिराती, निविदा आणि न्यायालयीन नोटिसांवर कसंबसं चालतं, त्याला ही रक्कम मोठी असते. मालक म्हणतो, पुढचा भाग जरा थांबवू. तो भाग मग कधीच येत नाही. याहून वाईट म्हणजे उलट क्रम: आधी जाहिरात मागायची, नाही मिळाली की बातमी लावायची. ती खंडणी आहे, पत्रकारिता नाही, आणि कायदाही तिला खंडणीच म्हणतो. अशा एकाही फोनवर, एकाही बैठकीत तुम्ही हजर राहू नका. जाहिरात विभागातल्या कोणीही कंपनीशी बोलताना मालिकेचा उल्लेख करायचा नाही, हे मालकाकडून लेखी घ्या.

निवडणूक जवळ असेल तर आणखी एक. उमेदवारानं स्वतःच्या मालकीच्या वर्तमानपत्रातून स्वतःचा प्रचार केला तर पैसे दिले नसले तरी दरपत्रकाप्रमाणे त्याचा खर्च त्याच्या हिशोबात धरावा, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. आमदारकीची खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे. मालिकेच्या प्रत्येक भागात भाऊंचा फोटो आणि ‘भाऊंनी आवाज उठवला’ असेल, तर माध्यम देखरेख समिती ते प्रचारात मोजू शकते. मी तर निवडणुकीशिवायही सांगेन की मालिकेत आमदारांचा फोटो नको. बाधित शेतकरी, ग्रामसभेचा ठराव, विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल, एवढंच हवं. आणि पहिल्या भागातच चौकट टाका: या दैनिकाचे मालक अमुक मतदारसंघाचे आमदार असून त्यांनी या प्रकल्पाला जाहीर विरोध केला आहे. वाचकाला हे गावात ठाऊकच असतं, पण पेपर स्वतः सांगतो तेव्हा त्याचं वजन बदलतं.

आता मांडवलीचं. ती कधी ना कधी होईल असं धरूनच कामाला लागा. कंपनी गावाला सभामंडप देईल, काही पोरांना कंत्राटी नोकऱ्या, भाऊंच्या माणसाला माती-मुरुमाचं काम, आणि एक दिवस पहिल्या पानावर हस्तांदोलनाचा फोटो येईल. त्या दिवशी गावकऱ्यांच्या हातात काय असेल, हे तुम्ही आज ठरवू शकता. माहिती अधिकारात अर्ज करायचे ते शक्यतो गावकऱ्यांच्या नावानं करा, म्हणजे उत्तरं त्यांच्याकडे येतील. उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं; व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नाकारलं तर अपील करायला त्यांना शिकवा. जे कागद तुम्हाला मिळतील त्यांच्या प्रती ग्रामपंचायतीत आणि बाधितांच्या समितीकडे ठेवा. जनसुनावणीतल्या हरकती लेखी देऊन पोच घ्यायला लावा. या गोष्टी पेपर थांबला तरी थांबत नाहीत. हरित लवादात जायचं असो की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, वकील पहिल्यांदा याच पोच आणि याच प्रती मागतो, बातमीची कात्रणं मागत नाही.

तेव्हा मालिका घ्या. मालकाकडे चार अटी लेखी मागा: मालकीची चौकट पहिल्या भागात, कंपनीचं म्हणणं प्रत्येक भागात, जाहिरात विभागाला मज्जाव, आणि खटल्याच्या खर्चाची हमी. यातल्या पहिल्या तीन मान्य झाल्या आणि चौथीवर ते अडले, तर लिहा, पण तळाच्या ओळीत नाव देऊ नका. जाहिरातीच्या अटीवर अडले, तर मालिका दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगा, आणि जमवलेले कागद मात्र त्या गावात पोचवून या.